जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर : आधी निदान, मग पाना

पुणे हे स्कूटरचे शहर. १९७२ साली बजाज ऑटोने चेतक बाजारात आणली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली. या दोन गाड्यांच्या दुरुस्तीवर पुण्याच्या पेठांमधून शेकडो गॅरेज उभे राहिले. आमच्या बांधवांपैकी कितीतरी कुटुंबांचा संसार याच पान्या-पेचकसावर चालला आणि उस्तादाकडून शागीर्दाकडे हा हुन्नर हातोहात गेला.

आता काळ पालटला आहे. बजाजने २००९-१० मध्ये स्कूटर बनवणे थांबवले, आणि २०२० मध्ये चेतक हे नाव परत आले ते विजेवर चालणाऱ्या गाडीला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या पेट्रोल दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्शनची यंत्रणा आली. आज आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाने कदाचित एकही कार्बोरेटर खोललेला नसतो.

म्हणून काम संपले का? आमच्या मते नाही. वडिलांची चेतक घरात जपून ठेवणारे लोक पुण्यात भरपूर आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. पहिल्या वर्षीच्या चेतकने ती पन्नाशी २०२२ मध्ये गाठली. असा शौकीन गिऱ्हाईक पैसे द्यायला मागेपुढे पाहत नाही. तो शोधतो विश्वासाचा कारागीर. त्याची तक्रारही ठरलेली असते : “तीन ठिकाणी दाखवली. प्रत्येकाने कार्बोरेटर बदलायला सांगितला. दोनदा बदलला, तरी गाडी तशीच.”

या लेखात आम्ही दोन-स्ट्रोक चेतक समोर ठेवून कार्बोरेटरचे दोष कसे ओळखायचे ते क्रमाने सांगणार आहोत. बजाज सुपर आणि त्या घराण्यातील इतर दोन-स्ट्रोक स्कूटरनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात. चेतकची नंतर आलेली चार-स्ट्रोक आवृत्ती मात्र वेगळी, तिचा विचार इथे केलेला नाही.

कार्बोरेटर करतो काय?

कार्बोरेटरचे काम एकच : हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण इंजिनाला देणे. शुद्ध पेट्रोलच्या एक किलोला जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’ : गाडी काळा धूर सोडते, प्लग ओला होतो, अॅव्हरेज घसरते. हवा जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’ : गाडी गरम होते, पिकअप तुटतो आणि शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटतो, म्हणजेच इंजिन सिझ होते.

दोन-स्ट्रोक इंजिनात लीन मिश्रण दुहेरी घातक आहे, कारण इंजिनाचे तेल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी आले म्हणजे तेलही कमी आले. म्हणून रिचच्या चुकीत प्लग बिघडतो, लीनच्या चुकीत पिस्टन जातो. शंका असेल तेव्हा थोडे रिचकडे राहावे, हा जुन्या उस्तादांचा नियम याच कारणाने आहे.

चेतकचा कार्बोरेटर इटलीच्या डेलोर्टो कंपनीच्या एसआय नमुन्याचा. इंजिनावर एका पत्र्याच्या डब्यात तो बसतो, त्याच्या डोक्यावर जाळीचा एअर फिल्टर असतो. आत एका बाजूला फ्लोटची कोठी. पेट्रोल नळीतून येते, तोंडाशी असलेल्या बारीक जाळीतून गाळले जाते आणि नीडलच्या वाटेने कोठीत उतरते. कोठी भरली की फ्लोट वर येऊन नीडल बंद करतो. कोठीतून पेट्रोल दोन वाटांनी जाते. स्लोसाठी छोटा जेट आणि रनिंगसाठी मेन जेट. मेन जेटची जोडणी तीन तुकड्यांची असते : खाली मेन जेट, मध्ये भोके असलेली नळी आणि वर हवेचा जेट. या तिघांचा क्रम आणि क्रमांक शागीर्दाने पाठच करावा.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. गिऱ्हाईक ‘कार्बोरेटर खराब’ म्हणून येतो, पण दोष पुष्कळदा कार्बोरेटरच्या बाहेर असतो. म्हणून पुढील पाच गोष्टी तपासल्याशिवाय डबा उघडू नये.

पहिली, टाकीचे झाकण. झाकणाला हवेचे बारीक छिद्र असते. धुळीने ते बुजले तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. खूण अशी : गाडी दोन-तीन किलोमीटर नीट चालते, मग बंद पडते. थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू होते.

दुसरी, कॉक आणि नळी. कार्बोरेटरकडची नळी काढून तिचे टोक बाटलीत सोडावे आणि कॉक उघडावा. धार अखंड पडली पाहिजे. एक-दोन मिनिटांत धार बारीक झाली आणि झाकण उघडताच जोर आला, तर दोष झाकणाचा. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली, तर दोष कॉकचा किंवा टाकीतल्या गंजाचा. चेतकला पेट्रोलचा पंप नाही, सगळा कारभार उतारावर. त्यामुळे नळीला कुठे पीळ पडला किंवा ती सीटखाली दबली तरी पुरवठा कमी होतो.

तिसरी, बाटलीतले तेच पेट्रोल. काचेच्या बाटलीत ते दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी, तांबूस गाळ दिसला तर टाकीला गंज. अशी टाकी साफ केल्याशिवाय कार्बोरेटर कितीही वेळा धुवा, आठ दिवसांत गाडी परत दारात.

चौथी, ठिणगी. जुन्या चेतकमध्ये पॉइंट आणि कंडेन्सर असतो. पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मि.मी. आणि प्लगचा ०.६ मि.मी. असावा. कंडेन्सर कमजोर झाला की गाडी मिसिंग मारते, फटके देते आणि ऐकणाऱ्याला वाटते कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. गाडी गरम झाल्यावरच दोष येत असेल तर आधी कंडेन्सर आणि कॉइलवर संशय घ्यावा.

पाचवी, सायलेन्सर. दोन-स्ट्रोकचा सायलेन्सर वर्षानुवर्षे तेलकट कार्बनने भरतो. धूर बाहेर पडला नाही तर ताजी हवा आत येणार कशी? अशी गाडी स्लोवर नीट चालते, पण वेग घेत नाही. मेन जेट बदलून उपयोग होत नाही, सायलेन्सर साफ करावा लागतो.

या पाच तपासण्यांना अर्धा तास पुरतो. तेवढ्यात निम्मे कोडे सुटले नाही तरी निदान संशयितांची यादी छोटी होते.

अॅक्सिलरेटरवर चिकटपट्टी

आता कार्बोरेटरकडे वळू. त्याचा कोणता भाग दोषी आहे हे खोलण्याआधीच कळू शकते. अॅक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर पांढरी चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कराव्यात. मग गाडी चालवून पाहावी आणि दोष कोणत्या खुणेवर येतो ते लिहून घ्यावे.

बंद ते पाव या टप्प्यात दोष असेल तर स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू पाहावा. मधल्या टप्प्यात असेल तर स्लाइडची झीज आणि मेन जेटवरची भोकांची नळी पाहावी. पाऊण ते पूर्ण या टप्प्यात असेल तर मेन जेट, नाहीतर पेट्रोलचा पुरवठा.

दुसरी सोपी कसोटी चोकची. दोष येत असताना चोक थोडा ओढावा. गाडी सुधारली तर तिला पेट्रोल कमी पडत आहे. अधिकच गुदमरली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. या एका कसोटीने रिच की लीन हा अर्धा वाद मिटतो.

तक्रारीवरून दोष

गाडी स्लोवर टिकत नाही. बहुतेक वेळा स्लो जेटमध्ये कचरा असतो. जेट काढून उजेडाकडे धरावा, भोक गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते, तारेने भोक वाढते आणि ते वाढलेले डोळ्यांना दिसतही नाही. पेट्रोलमध्ये भिजवून हवेच्या दाबाने उडवावे. अगदीच अडले तर मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा वापरावा.

जेट साफ असूनही स्लो मिळत नसेल तर मिश्रणाचा स्क्रू लावावा. तो डब्याच्या मागच्या बाजूने लागतो. हलकेच शेवटपर्यंत आत घ्यावा, दाबू नये, नाहीतर टोकाला घळ पडते. मग दीड फेरी बाहेर काढावा. इंजिन गरम करून स्लो थोडा वाढवावा आणि हा स्क्रू मागे-पुढे करत इंजिन सर्वांत जास्त फिरेल ती जागा शोधावी. तिथून किंचित बाहेर घेऊन थांबावे आणि स्लो कमी करावा. या कार्बोरेटरमध्ये स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढते. मिकुनी पद्धतीच्या बऱ्याच मोटरसायकल कार्बोरेटरमध्ये तो हवेचा स्क्रू असतो आणि उलटे घडते. दोन्ही प्रकारच्या गाड्या दारात येणाऱ्या गॅरेजमध्ये हा फरक लिहून भिंतीला लावावा.

चढावर दम सोडते. कात्रज किंवा दिवे घाटात अर्ध्यापर्यंत गाडी छान जाते, मग अडखळते. उतारावर किंवा थांबल्यावर परत ठीक. याचा अर्थ कोठी जितक्या वेगाने रिकामी होते तितक्या वेगाने भरत नाही. कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून पाहावी. ही जाळी आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. जाळी, नीडल, नळी, कॉक, झाकण, असे खालून वर जावे.

पेट्रोल गळते, वास येतो. नीडलच्या टोकाला गोल रेघ पडली असेल तर ती बदलावी. नीडल चांगली असेल तर तिच्या बैठकीत कचरा आहे का पाहावा. फ्लोट कानाजवळ हलवावा. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटला, डाग देण्यात वेळ घालवू नये. चेतकमध्ये ओव्हरफ्लोचे पेट्रोल थेट इंजिनाच्या पोटात उतरू शकते. म्हणून गिऱ्हाईकाला सांगावे की रात्री कॉक बंद करा. सकाळी वीस किका मारायची वेळ येणार नाही.

गाडी आपोआप रेस घेते. ही तक्रार सर्वांत गंभीर आहे, कारण कुठूनतरी जादा हवा आत येत आहे आणि इंजिन लीन चालले आहे. आधी केबल आणि स्लाइड अडकली नाही याची खात्री करावी. मग कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगभोवती ब्रशने थोडे टू-टी तेल लावावे. तेल आत ओढले गेले आणि इंजिनाचा आवाज बदलला तर हवा तिथूनच येते. बोल्ट आवळून आवळून कार्बोरेटरची बैठक वाकलेली असते. ती जाड काचेवर ठेवून प्रकाशात पाहावी, फट दिसली तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बैठक सपाट करावी आणि नवे पॅकिंग घालावे. लांब पाना लावून जोर करणे हेच या दोषाचे मूळ.

बैठक सपाट असूनही रेस कमी होत नसेल तर मॅग्नेटच्या बाजूचे ऑइल सील गेलेले असते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल आत ओढले जाते आणि गाडी पांढऱ्या धुराचे लोट सोडते. हे दोन्ही इंजिन उतरवण्याचे काम. कार्बोरेटर बदलून ते कधीही बरे होणार नाही, हे गिऱ्हाईकाला पहिल्याच दिवशी सांगावे.

नव्या पेट्रोलचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्यांच्या तक्रारींना एक नवे कारण जोडले गेले आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल. २०२२ साली देशात सरासरी दहा टक्के मिश्रण झाले, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये ते जवळजवळ सर्वत्र पोचले. चेतक घडली तेव्हा असे इंधन कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

याचे तीन परिणाम कारागिराने समजून घ्यावेत.

पहिला मिश्रणाचा. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एका किलोला सुमारे ९ किलो. म्हणून वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ किलो हवा पुरते. जुना जेट तेवढेच इंधन सोडतो, म्हणजे गाडी आपोआप लीन होते. ही तूट भरायला जेटमधून सुमारे सात टक्के जास्त इंधन जावे लागते. डेलोर्टो पद्धतीत जेटचा क्रमांक म्हणजे भोकाचा व्यास, १०० क्रमांक म्हणजे १ मि.मी. व्यास तीन-चार टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ सहा-आठ टक्क्यांनी वाढते. म्हणून १०० च्या जागी १०३ किंवा १०४ पुरतो. त्याहून मोठी उडी मारण्याचे कारण नाही. मिकुनीचे क्रमांक वेगळ्या मापाने पडतात, दोन कंपन्यांच्या क्रमांकांची तुलना करू नये.

दुसरा पाण्याचा. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी शिरले आणि प्रमाणाबाहेर वाढले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. टू-टी तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहते. कॉक तळातून इंधन घेतो. म्हणजे इंजिनाला आधी तेलाशिवायचे पाणी-इथेनॉल मिळते. गाडी सुरू झाली नाही तर नशीब, सुरू होऊन चालली तर पिस्टन धोक्यात. म्हणून बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची टाकी आणि कोठी पूर्ण रिकामी करूनच पहिली किक मारावी. ताज्या पेट्रोलमध्ये दर लिटरला २० मि.ली. म्हणजे दोन टक्के टू-टी तेल मापून घालावे, अंदाजाने नव्हे.

तिसरा रबराचा. जुन्या नळ्या, कॉकचे रबर आणि नीडलचे टोक इथेनॉलमुळे फुगतात किंवा चिवटपणा सोडून भुगा होतात. हाच काळा भुगा जेटमध्ये जातो. नळी आणि रबर घेताना इथेनॉलला टिकणारा माल मागावा. दोन पैसे जास्त पडतात, पण काम परत येत नाही.

प्लग आणि पीयूसी

जेट बरोबर बसला की नाही हे प्लग सांगतो. गाडी चांगली गरम करून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण अॅक्सिलरेटरवर थोडे अंतर न्यावी, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढावा. काळा व ओला म्हणजे रिच, पांढरा व कोरडा म्हणजे लीन, चॉकलेटी म्हणजे बरोबर. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चॉकलेटी रंगाची ओळख जुन्या उस्तादांनी शिशाच्या पेट्रोलवर केलेली आहे. शिशाचे पेट्रोल देशात फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. आजच्या पेट्रोलवर रंग फिकाच येतो. तो जुन्यासारखा गडद करायच्या नादात गाडी नको तितकी रिच होते.

त्याचा फटका पीयूसीला बसतो. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दोन-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम ही मर्यादा आहे. त्यानंतरच्या, बीएस-४ पूर्वीच्या गाडीला ३.५ टक्के आणि ६००० पीपीएम. ही तपासणी स्लोवर होते. म्हणून पीयूसीत गाडी नापास झाली तर मेन जेटला हात लावू नये. मिश्रणाचा स्क्रू, एअर फिल्टरची जाळी आणि तेलाचे प्रमाण एवढेच पाहावे.

माल कुठला घ्यावा?

नाना पेठेत आजही जुन्या स्कूटरचे किट मिळते. किट घेताना पॅकिंग, नीडल, फ्लोट आणि जाळी हे चार नग बघून घ्यावेत. जेट मात्र किटमधला आहे म्हणून बदलू नये. जुना मूळ जेट, भोक तारेने वाढवलेले नसेल तर, नव्या नकली जेटपेक्षा भरवशाचा. नकली जेटवर क्रमांक एक आणि भोक दुसरेच असल्याचे प्रसंग कारागिरांना नवे नाहीत. शंका असेल तर माहीत असलेल्या जेटशी बारीक ड्रिलच्या बिटाने ताडून पाहावे.

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधीकधी मूळ कार्बोरेटर हाती लागतो. घेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. बैठक काचेवर सपाट बसते का, स्लाइड खाचेत डुगडुगते का, मिश्रणाच्या स्क्रूचे आटे शाबूत आहेत का, आणि फ्लोटच्या कोठीला बारीक तडा आहे का. स्लाइड डुगडुगत असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. झिजलेल्या खाचेतून येणारी हवा कोणत्याही जेटने बंद होत नाही.

कोकणातील वाचकांसाठी

दाभोळ, जयगड, मिरकरवाडा भागातील आमचे बरेच बांधव होडीची इंजिने सांभाळतात. जुने आउटबोर्ड इंजिनही दोन-स्ट्रोक, त्यामुळे निदानाचा क्रम तोच : आधी टाकीच्या झाकणाची हवा, मग नळी आणि तिच्यावरचा रबरी फुगा, मग कार्बोरेटर. फरक तीन. होडीची टाकी खाली असते म्हणून पेट्रोल ओढायला पंप लागतो आणि त्याचा पातळ पडदा फाटला की गाडी चढावर सोडते तसाच दम इंजिन सोडते. दुसरे, खारी हवा कार्बोरेटरमध्ये पांढरी बुरशी धरते, म्हणून हंगाम संपला की कोठी रिकामी करून ठेवावी. तिसरे, रॉकेलवर चालणारे इंजिन बंद करण्याआधी काही मिनिटे पेट्रोलवर चालवावे. कोठीत रॉकेल राहिले तर दुसऱ्या पहाटे थंड इंजिन दोरी ओढून ओढून हात दुखले तरी लागत नाही. आणि तपासणी नेहमी पाण्याच्या पिंपात इंजिन बुडवून करावी. कोरडे चालवले तर पाण्याच्या पंपाचे रबर पाहता पाहता जळते.

निदानाचे पैसे मागावेत

शेवटचा मुद्दा धंद्याचा. आपला कारागीर निदानाचे पैसे मागायला लाजतो आणि मग ते पैसे सुट्या भागांतून काढतो. नको असलेला कार्बोरेटर विकला जातो तो यातूनच. गिऱ्हाईकाला हे कळत नाही असे समजू नये. तो दुसऱ्या गॅरेजात जातो आणि तिथे आपले नाव निघते.

त्याऐवजी रोखठोक पद्धत ठेवावी. तपासणीची मजुरी आधी सांगावी. एका वहीत गाडीचा क्रमांक, तक्रार, कोणत्या खुणेवर दोष आला, काढलेल्या आणि घातलेल्या जेटचा क्रमांक आणि स्क्रूच्या फेऱ्या लिहाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. काढलेला जुना भाग पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा. त्याची गाडी आपल्याकडे अमानत आहे, तिचा प्रत्येक स्क्रू त्याचा.

कामाच्या जागेबद्दलही दोन शब्द. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढू नये. फुफ्फुसात गेले तर जीवावर बेतते. पेट्रोलचे काम दार उघडे ठेवून करावे, जवळ वाळूची बादली असावी आणि धुतलेले पेट्रोल गटारात ओतू नये.

वहीची सवय शागीर्दालाही लावावी. उस्तादाचे कान आणि बोटे जे ओळखतात ते शब्दांत उतरले नाही तर त्याच्याबरोबरच जाते. नव्या मुलाने इंजेक्शनचे काम जरूर शिकावे, पोट त्यावरच चालणार आहे. पण आठवड्यातून एक जुनी स्कूटर त्याच्यापुढे उभी करावी आणि डबा उघडण्याआधी त्याला विचारावे : दोष कुठे आहे, आणि तो तिथेच आहे हे तू कशावरून म्हणतोस?